चाकांची संख्या

कळंबोलीच्या लोखंड बाजारात, काट्याच्या केबिनमध्ये
अकरा वर्षं मी एकच फॉर्म भरतोय:
गाडी नंबर, माल, चाकांची संख्या, शेरा.

मंगळवारी ट्रेलरवरून ती उतरली.
पुढे दोन चाकं, साध्या ट्रकसारखी,
मागे पट्टे, रणगाड्याचे.
जणू कारखान्यात कुणाचं मधेच मन बदललं
आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

मागे सहा गाड्या हॉर्न देत होत्या.
चाकांच्या रकान्यात लिहिलं: दोन,
आणि बाकीचं.

"विमानं पाडायची गाडी," हसुराम घरत म्हणाला.
तो पूर्वी रोडपालीच्या खाडीत जिताडे धरायचा,
आता क्रेन चालवतो; वर बघायची सवय क्रेनमुळे.
चार बंदुकांच्या जागी चार भोकं.
बंदुका कधीच, कुठेतरी, सही घेऊन जमा झालेल्या.

मधे नेमबाजाची खुर्ची.
बसलो. गुडघे छातीला लागले.
हसुरामने बाहेरून खांदा लावला
आणि मचाण फिरलं,
करकरत का होईना, फिरलं.
मी नेम धरला: पाण्याची टाकी. एक घार.
सिडकोची अर्धी इमारत.
मग उलव्याकडे उतरणारं विमान,
पोट पांढरं, चाकं बाहेर काढलेलं,
आत कुणीतरी लेकराचा पट्टा आवळत असेल.
माझा अंगठा आपोआप दाबला गेला.
काही झालं नाही. होणार नव्हतंच.
तरी मानेला घाम.

तेव्हा दिसलं. डोळ्यासमोरच्या पत्र्यावर,
खिळ्याने कोरलेलं, जरा तिरकं:
आज पण ढगच.
खाली रेघा, पाच-पाचच्या जुड्या.
विमानांच्या नव्हेत. दिवसांच्या.
मोजायच्या राहिल्या,
रामअवधने कटर पेटवला होता.

मग धनजीशेठचा फोन, रबर वजा करा.
पट्टा रबराचा, पण आत पोलादी तारा,
त्यावरून अर्धा तास घासाघीस.
तोवर निळी ज्योत मचाणाच्या बुडाशी पोचली.
खुर्ची आधी पडली,
आकाशाकडे तोंड करूनच.
जळक्या रबराचा वास डब्यातल्या भाकरीला लागला.

वजन भरलं. दर भरला.
शेऱ्याचा रकाना अकरा वर्षं कोराच जातो;
त्यात लिहिलं: आज पण ढगच.

संध्याकाळी शेठ चष्मा कपाळावर ढकलून,
पावतीवर बोट ठेवून:
"हे किती किलो?"
म्हटलं, ओल समजा.
वजा करून टाका.