पंच्याऐंशी, एक पॉइंट दोन

बापाची मोटार विकून घेतली ही लेन्स,
वर हप्ते.
कुतायसीत तोंडावर कुणी बोललं नाही,
नोदारकाका तेवढा म्हणाला,
एवढ्यात दोन गाई आल्या असत्या.

पहिला फोटो वाझा पाववाल्याचा.
पापणीवर पीठ, एकेक कण मोजून घ्यावा,
आणि कानापासून मागे सगळं
वितळलेलं लोणी.

त्यानं बराच वेळ पाहिलं.
'माझी भट्टी कुठे गेली?'

चाळीस वर्षं कमरेपर्यंत आत वाकून
तिच्या भिंतीला पाव थापलेत त्यानं.
मी ती पुसली,
तीही पदरचे पैसे मोजून.

मग जुनी, स्वस्तातली लेन्स चढवली.
भट्टी आली, फडताळ आलं, कॅलेंडर,
बादली, मांजर,
आणि त्यांच्यात कुठेतरी वाझा.

लामारा हात झटकत आली.
दोन्ही पाहिले. मागेपुढे, पुन्हा मागे.
पहिल्यावर बोट ठेवलं, पिठाचं.
'भट्टी रोजच बघते मी,' म्हणाली,
'हा किती दिवसांनी दिसला.'

चार गरम शोती काखेत मारून निघाले.
पडद्यावरचा तो ठसा
अजून पुसलेला नाही.
गाईंचं म्हणाल, तर
ते काही ठरत नाही.