डिपर

सावळघाटात धुकं नव्हतंच त्या रात्री,
तरी मला रस्ता दिसत नव्हता.
करंजाळीहून फोन आलेला: म्हैस अडलीय, पाय आडवा.
आणि मी आप्पांच्या जुन्या वॅगन-आरमध्ये
दुसऱ्या गिअरवर,
पांढऱ्या पट्टीच्या भरवशावर,
पट्टी संपली की अंदाजावर.
अप्पर टाकावा तर समोरून भाजीचे टेम्पो.
डिपर टाकावा तर बोनेटपुढे
कुणी कपभर चहा सांडावा, एवढाच उजेड.

पोचले तेव्हा रेडकू गेलं होतं.
म्हातारा काही बोलला नाही.
हात धुवायला मला ऊन पाणी दिलं त्यानं.

दुसऱ्या दिवशी द्वारकेला, पुलाच्या सावलीत,
हमजा मिस्त्रीला म्हटलं, शंभरचा बल्ब टाक.
त्यानं बल्बकडे पाहिलंच नाही.
मीटर काढला, बॅटरीला टेकवला: बारा सहा.
बल्बच्या मागे टेकवला: दहा दोन.
"मॅडम, उपाशी आहे हा.
घरून डबा भरून निघतो,
वाटेत सगळे एकेक घास काढून घेतात."
मग ती वाट बोटानं दाखवली मला,
बॅटरीपासून स्टिअरिंगखालच्या दांडीपर्यंत,
तिथून वळून परत पुढे,
सुतळीइतकीही जाड नसलेली तार,
आणि शेवटी गंजून हिरवा पडलेला अर्थ.
"शंभरचा टाकला तर होल्डर वितळेल,
आणि समोरचा आंधळा होईल.
तोही कुणाच्या तरी घरीच चाललाय ना?"

काचेवर बोट ठेवून मी म्हटलं, मोतीबिंदू झालाय हिला.
माझ्या खात्यातला शब्द, तेवढाच मला येतो.
"डोळा ठीक आहे. वरची साल पिवळी पडलीय."
पाणी, हजारचा पॉलिश पेपर, मग दोन हजारचा,
बंपरवरून चिकासारखं पिवळट दूध ओघळत राहिलं
आणि मी उगाच कापसानं टिपत राहिले.

दोन रिले. बोटाएवढी तार थेट बॅटरीपासून.
बल्ब तोच, पंचावन्नचा.

दिवेलागणीला अंबडमध्ये
एका बंद कंपनीच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी लावली.
"रोज जेवढं ओझं असतं तेवढं ठेवा आत."
म्हणून डिकीत माझी पेटी, दोर, गमबूट,
नायट्रोजनचं भांडं, आणि सीटवर मी.
पोराच्या दप्तरातल्या खडूनं त्यानं रेघ ओढली,
उजेड रेघेच्या चार बोटं खाली बसवला,
डावीकडे जरासा उचललेला.
डावीकडे का?
"कडेनं पायी चालणारा असतो, मॅडम."
नऊशे रुपये घेतले. खडू परत खिशात टाकला.

सोमवारी रात्री जोगमोडी.
घाटात कडेचे दगड दिसत होते, एकेक, सुटे.
घोंगडीतला एक माणूस दिसला, आधी पाय, मग काठी.
ट्रकनं डिपर दिला, मीही दिला,
दोघं एकमेकांना न बघता निघून गेलो.

गोठ्यात लाइट नव्हती.
गाडी दाराशी आणून तोंड आत केलं.
पहिल्यांदा चुकून अप्पर लागला,
गाय बिचकली, दाव्याला हिसका, डोळे पांढरे.
दांडी ओढली.
उजेड खाली बसला:
खुरांवर, शेणावर, घमेल्यातल्या पाण्यावर,
माझ्या कोपरांपर्यंत.
त्याच्या वर अंधार तसाच ठेवला त्यानं,
गाईला हवा होता तेवढा.
"इंजिन बंद करू?" घरातली पोरगी विचारत होती.
राहू दे चालू, म्हटलं.
तिनं आपलं आपणच चाकापुढे धोंडा लावला
आणि येऊन शेपूट धरून उभी राहिली.

यावेळीही एक पाय दुमडलेलाच होता.
पण तो कुठून दुमडलाय ते दिसत होतं.