मोरेंचं जेवण

शेजारच्या सुगंधाकाकू विचारतात,
"मोरे? कुठले म्हणायचे, जावळीचे?"
मी म्हणतो, त्याहून लांबचे. पार समुद्राखालचे.
दीड इंची पीव्हीसीच्या नळीत राहतात,
भाडं देत नाहीत,
मंगळवारी आणि शनिवारी जेवतात.

एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली.
समुद्र पाहिला दोनदा, गणपतीपुळ्याला,
दोन्ही वेळेला चप्पल हातात धरून.
आता दर पंधरवड्याला तो बादलीत बनवतो:
फिल्टरचं पाणी, पाकिटातलं मीठ,
काटा एक पॉइंट शून्य दोन पाचवर.
मायक्रोमीटर वाचलेल्या डोळ्याला अवघड नाही.
रेघ हलली की जॉब रिजेक्ट.

आमच्या घरात अंडंसुद्धा कधी फुटलेलं नाही.
लक्ष्मीपुरीत पहिल्यांदा गेलो तेव्हा
नाकाला रुमाल, आणि मान अशी खाली
की नुसते लोकांचे पायच दिसत होते.
भोयांची अनुसया वजन करता करता म्हणाली,
"स्वामी, गळ्यात लिंग आणि पिशवीत कोळंबी?"
मोरेंना लागते, म्हटलं.
"मग त्यांनाच धाडा की वं बाजाराला."

रात्री साडेआठला दिवा बारीक करतो.
चिमटा अठरा इंची, स्टीलचा, मीच केलेला,
टोकं घासून बोथट.
कोळंबी पाण्यात उतरते
आणि बराच वेळ काहीच होत नाही.
मग नळीच्या तोंडाशी एक तोंड येतं.
पांढऱ्यावर काळे डाग,
रांगोळीवर शाई सांडून कुणी पळून गेल्यासारखे,
नाकपुड्या हळदीच्या.
डोळे आहेत, पण असून नसल्यागत.
वासावर येतात,
चुकतात, दगडाला चावतात,
पुन्हा चुकतात.
मोतीबिंदू झाल्यावर सासऱ्यांचा हात
असाच फिरायचा ताटाभोवती,
आणि आम्ही सगळे भात चिवडत बसायचो.

तोंड सारखं उघडतं, मिटतं.
पाहुणे मागं सरकतात. चावणार म्हणतात.
श्वास घेताहेत. एवढंच.

पुतण्यानं सांगितलं, घशात दुसरा जबडा असतो.
पुढचा धरतो,
मागचा पुढं येऊन आत ओढून नेतो.
त्या रात्री नीट झोप लागली नाही.
माझ्या उजव्या तर्जनीचं एक पेर
ब्याण्णव साली चकमध्ये राहिलं.
मशिनचाही राग नव्हता माझ्यावर.
ते फिरत होतं.

श्रावणात मोरेंनी अन्न सोडलं. सतरा दिवस.
शैलजा म्हणाली, बघा, घराचं वळण लागलं.
अठराव्या रात्री नळी रिकामी.
झाकणाला वायरीसाठी अंगठाभर खाच होती,
मीच कापलेली, तीनदा मोजून.
बॅटरी घेऊन दोघं घरभर:
चपलांचं कपाट, सिलिंडरची मागची बाजू,
धुण्याच्या मशिनखाली.
देव्हाऱ्याखाली, विभूतीच्या डब्यामागे,
धूळ आणि केसांचा गुंता लागलेला
जुना कमरपट्टा पडावा तसं काहीतरी.
मी नुसताच उभा.
टाकीच्या खोलीत वर्षभर पाऊल न टाकलेली बाई,
तिनं बादलीत पदर बुडवला आणि उचललं,
तान्ह्याला उचलतात तसं नाही,
तव्यावरून भाकरी उचलतात तसं, घाईघाईनं.
"अहो," म्हणाली, "श्वास घेतोय."

पातळ खराब झालं. ते तिनं फेकलं नाही,
पण नेसतही नाही.
खाच मी अॅक्रिलिकनं बुजवली,
वायर आता नळकांड्यातून येते.
चिमट्याला ती अजून हात लावत नाही,
कोळंबीचा डबा फ्रीजमध्ये आला की
लिंबाची फोड शेजारी ठेवून देते, न बोलता.

फक्त मंगळवारी, नऊच्या सुमाराला,
स्वयंपाकघरातून आवाज येतो:
मोरेंचं झालं का? आपलं वाढू?

थांब, मी म्हणतो.
अजून दगडच चावताहेत.