रिकामी गाडी वजा जाता

खणभागातल्या तौफिक मुजावरनं स्टुलावर बसवून समजावलं,
काका, पॅक तीस दिवसांचा. शंभर मिनिटं.
तिकडं आलेला फोनही मिनिटं खातो,
मेसेज येतील तेवढे फुकट.
शशिकला पर्समध्ये पासपोर्ट आहे का ते चौथ्यांदा बघत होती.
मी म्हटलं, बाबा, पावतीच्या मागं लिहून दे सगळं.

तीस वर्षं मी कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो.
भरली गाडी घ्यायची, मग रिकामी,
वजा जाता राहील तो ऊस.
शंभराला तीसनं भागलं :
रोजची तीन मिनिटं, वरची दहा अडीअडचणीला.

पहिल्या फोनला हॅलो, हॅलो, येतंय का ऐकू,
थंडी आहे का, अगं थंडी आहे का म्हणतोय,
एवढ्यात दोन मिनिटं गेली.
नुसत्या गाडीचंच वजन.

रेवती म्हणते, बाबा, चांगला फोन घ्या,
घरातल्या घरात फुकट दिसेल बाळ.
माझा फोन बटणांचा. त्याला बॅटरी आहे उजेडाची, पुरे.
मग मिस्ड कॉलवर आलो, जुन्या काळासारखं.
एक रिंग : उठलो, गोळी घेतली.
दोन : जेवलो.
तीन कशाला, ते ठरवायचं राहून गेलं.

ती गेल्यावर कळलं, घर तिच्या नंबरात राहतं.
लाइटबिल, पतपेढीचं व्याज, दूधवाल्याचा हिशेब, गॅस,
सगळं उडून हॅनोव्हरला जातं
आणि मी इथं मीटरखाली उभा,
मला काही पत्ता नाही.

ऑगस्टात कोयनेचे दरवाजे उघडले.
त्या दिवसांत सांगलीत कुणी कसं काय विचारत नाही,
विचारतात, किती फूट?
आयर्विनजवळ चौतीस, पेपरवाला म्हणाला.
भाजीवालीच्या मते छत्तीस, आणि तिची पाटी सरकारी घाटावरून हललेली.
आमच्या भिंतीवर एकोणीस सालची रेघ आहे,
स्विचबोर्डाच्या वर वीतभर.
रंग देताना शशिकलानं तेवढी पट्टी सोडायला लावली होती.

रात्री अडीचला फोन वाजला.
एक. दोन. तीन. थांबला.
ठरलेलं नव्हतं, तरी कळलं.
पाण्याचा मेसेज तिला गेला होता, फुकट,
तिकडं अकरा वाजलेले, नातू खांद्यावर, ती जागी.
मी पिठाचा डबा माळ्यावर टाकला, कागदांची पिशवी,
शिलाई मशीन एकट्याला उचलेना,
तिचं डोकं तेवढं काढून घेतलं
आणि मांडीवर घेऊन जिन्यात बसलो.

पाणी चाळीसला टेकलं आणि फिरलं.
ओसरल्याची खूण आमच्यात नव्हती.
मी आपली एक रिंग दिली.
उठलो, गोळी घेतली.

दोन दिवसांनी दर्याप्पा दारात, खांद्यावर सिलिंडर.
कोड सांगा.
कोड तिच्याकडं. तिकडं पहाटेचे पाच.
लावला फोन.
हॅलो न म्हणता, झोपेतच, ती म्हणाली,
सात. शून्य. चार. चार.
तेरा सेकंद.
इतका निव्वळ माल मी काट्यावर कधी पाहिला नव्हता.

पण मिनिट पुरतंच कापतात, पावतीमागं लिहिलंय.
उरलेले सत्तेचाळीस सेकंद आमचे.
दर्याप्पानं सिलिंडर टेकवला, रेग्युलेटर बसवला,
वास येतोय का बघा म्हणाला.
तिकडं बाळाला उचकी लागली होती.
ती बोलली नाही. मीही नाही.
रिकामी गाडी काट्यावर तशीच उभी
आणि आकडा काही केल्या शून्यावर येईना.