पेन्सिल

वास्कोला बेकरीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर
मिस्किता बाईंची कचेरी.
खाली पोदेर भट्टी विझवत असायचा,
वर आम्ही सातजण, मांडीवर फायली,
नव्या बुटांचा चावा लपवत.

माझ्या कागदावर होतं:
बडं हॉटेल, तीन वर्षं, कॉन्टिनेंटल.
खरं तर शिरोड्याला मामाची खाणावळ,
हुमण-भात, सोलकढी, गल्ल्यावर मामी.
बाईंनी त्या ओळीखाली पेन्सिल फिरवली.
"खोटं महिनाभर चालतं, सगुण,
बोट नऊ महिने चालते.
मामाकडे रोज जेवतात किती?"
दोनशे, मी म्हटलं. जत्रेला तीनशे.
"मग हेच लिही ना, बाबा."

ती बोट मिळाली नाही.
पुढची मिळाली.

मग बंदराबंदरातून मी त्यांना ओळ धाडायचो,
काम नको असतानाच जास्त.
पगार कुठल्या तारखेला होतो,
कुठली कंपनी पोरांचे पासपोर्ट कुलपात घालते.
उत्तर यायचं नाही. पण त्या कंपनीचा कागद
भिंतीवरून उतरला, असं कळलं.

एकदा मुंबईच्या एजंटाने
वीस डॉलर जास्त दाखवले,
आणि मी गुपचूप गेलो.
बाईंनी राखलेली जागा रिकामी सुटली.
परतल्यावर जिना चढलो. दोदोल नेला होता,
तो त्यांनी शिपायाला देऊन टाकला.
"नाही म्हणावं रे. फक्त वेळेवर."

दोन वर्षं फोन नाही.
तिसऱ्या वर्षी मीच केला:
यंदा मुलीची दहावी, मी जात नाही,
पण शेजारचा रोहिदास आहे,
भांडी घासताना गातो,
टिकेल.
टिकला.

परवा बाईंचा फोन. मला वाटलं, बोट.
"कचेरी बंद होतेय. आता सगळं परस्पर, यंत्रावर.
तुझ्या ओळखीत कुणाला बाई हवीय का?
वय अठ्ठावन्न. माणसं ओळखते."
मी म्हटलं, कागद घेऊन या.

खालीच बसलो, उंड्यांच्या वासात.
एकतीस वर्षं त्यांनी चार ओळींत कोंबलेली.
बोटी उभ्या राहिल्या त्या साली
एकेका घरी फोन करून
'तांदूळ आहेत ना' विचारलेलं,
त्याचा पत्ताच नाही.

बाई, हेही खोटंच की, मी म्हटलं,
आणि खिसा चाचपला.
पेन्सिल नव्हती.
त्यांनी आपली दिली.