वाढीव अकरा खोल्या

अमळनेरच्या बाहेर, रुळांच्या अलीकडे
अठ्ठावीस खाटांचं घर आहे. त्याला अकरा खोल्या जोडायच्यात.
कागदावर सोपं होतं :
पश्चिमेला वाढवायचं, कडुनिंब काढायचा,
मागे एक दार.

एप्रिलची दुपार. चव्वेचाळीस.
मी टेप घेऊन उभी, आणि टेपचं दुसरं टोक
लोटनअण्णांच्या हातात.
एकतीस वर्षं गँगमन. ताप्ती लाईन पायी मोजलेली.
'आपलं माप चुकत नही,' म्हणतात,
आणि टोक हळूच दोन बोटं मागे सरकवतात,
खोली तेवढीच मोठी व्हावी म्हणून.

विचारलं, खिडकी किती उंचीवर घेऊ?
उत्तर न देता ते खाटेवर आडवे झाले.
'इथून काय दिसतं, ते बघा आधी.'
मीही चपला काढून शेजारच्या खाटेवर.
पंखा. छताचे पोपडे. ट्यूबलाइटीत मेलेले किडे.
तीन फुटांवरची खिडकी मी तिथंच, पडल्या पडल्या,
पावणेदोनावर उतरवली.
'आता कपाशी दिसेल.'
'कपाशी जन्मभर पाहिली. सुरतची पॅसेंजर दिसली पाहिजे.'

पुस्तकात मापं असतात.
कठडा बत्तीस इंचांवर. उतार बाराला एक.
संडासाचं दार बाहेर उघडणारं,
कारण पडलेला माणूस दार आतून अडवतो.
पुस्तकात हे नसतं, की गुंताबाईंना
वाटी धुवायला स्वतःची मोरी हवी, सगळ्यांची नको;
की अबोला धरलेल्या दोघांना
जेवणघरात जायला दोन वाटा लागतात;
की वैशाखात इथं खोलीत कोणी झोपतच नाही,
खाटा अंगणात येतात,
तेव्हा दारं माणसाच्या मापाची नकोत,
खाटेच्या मापाची हवीत.

निंब राहिला. खोल्या दहा झाल्या.
मुथाशेठनी पावतीपुस्तक मिटलं, आणि पुन्हा उघडलं.

मागच्या दाराला मी नाव दिलं होतं : सेवा.
किराणा, गॅसच्या टाक्या,
आणि ते, जे नकाशावर कोणी लिहीत नाही.
ठगूबाईंना अक्षर येत नाही.
पण बोट त्यांनी नेमकं तिथंच ठेवलं.
'ह्या दारथून काय लई जातस?'
'सिलिंडर,' मी म्हटलं.
त्या बघत राहिल्या. मी टेप गुंडाळली, पुन्हा सोडली.

'माले मांगला दारथून लई जाऊ नका.
पुढला दारथून उनू, पुढलाच दारथून जासू.
सगळा चहा पीत बठेल ऱ्हातीन.
देखू द्या.'

'बाकीचे घाबरतात हो,' मुथाशेठ म्हणाले, 'म्हणून तर मागून.'
चहाला सगळे जमले तेव्हा विचारलंच.
बशीतला चहा बशीत राहिला, एवढंच.
मग कोणीतरी म्हणालं, त्या दिवशी
चहा जरा उशिरानं करा, हेही लिहून ठेवा.
मी लिहिलं. कोणत्या रकान्यात, ते कळेना;
समासात लिहिलं.

उन्हं उतरल्यावर पुढचं दार मोजायला गेलो.
साडेतीन फूट. पुरणार नाही.
दोन माणसं शेजारी शेजारी, खांद्यावर वजन घेऊन,
चौकटीला कोपर न लागता, न थांबता :
किती?
लोटनअण्णांनी टेपचं टोक भिंतीला धरलं.
या वेळी सरकवलं नाही.