सकाळी मोजायची हवा

वैशाखातला तो तिसरा टँक.
चोपड्याच्या पंपावर मी पोराला म्हणालो,
तुमचं मशीन माप मारतं.
तो काही बोलला नाही.
पाच लिटरचं माप आणलं,
माझ्यासमोर खुणेपर्यंत भरलं,
मग माझ्या टाकीत ओतलं.
मागच्या रिक्षाने हॉर्न दिला.
पैसे देऊन मी निघालो, निघताना
क्लच असा सोडला
की टायरनेच माझ्या वतीने शिवी दिली.

कोकिळाची वही गाडीच्या खणात असते.
शाळेच्या हजेरीसारखे रकाने,
तारीख, किलोमीटर, लिटर,
शेवटी भागाकार.
दिवाळीला एकोणीस.
संक्रांतीला साडेसतरा.
होळीनंतर पंधरा पॉइंट दोन,
आणि त्याखाली पेन्सिलीची एक रेघ.
विचारलं मात्र काहीच नाही.

आता माझा धंदा सांगतो.
मी ठिबक विकतो.
केळीच्या बांधावर उभा राहून दहा वर्षं सांगतोय,
आप्पा, फिल्टरजवळचं मीटर रोज बघा,
दाब एक किलोच्या खाली गेला
की शेवटच्या खोडाला पाणी पोचत नाही
आणि मोटर वीज तेवढीच खाते.
आप्पा मान डोलावतात.
मी चहा पितो, गाडीत बसतो,
चार मऊ टायरांवरून
पुढच्या बांधावर तेच सांगायला जातो.

दुपारी दोनला उखा मिस्तरीकडे गेलो.
अमळनेर रोड, निंबाखाली कॉम्प्रेसर,
डांबर एवढं तापलेलं
की उभ्या स्कूटरचं स्टँड आत रुतलं होतं.
उखाने टायरला हात लावला, काढून घेतला.
“आते नही. तपेल टायर खोटं बोलस.
सकायले येजो.”
म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे.
त्याने डोळे मिटून घेतले.
घेतलेलं चहाचं बिल तेवढं माझ्या नावावर टाकलं.

सहाला गेलो. रात्रभर अंगणात उभी गाडी,
टायर माठासारखे गार.
बावीस. एकवीस. चोवीस.
मागचा डावा एकोणीस.
दाराच्या आतल्या बाजूला कागद आहे, तीस लिहिलेलं,
सहा वर्षं मी त्याला
कंपनीचा शिक्का समजत होतो.
उखाने बोट फिरवून दाखवलं,
दोन्ही कडा टकलाच्या,
मधली नक्षी अजून नवीकोरी.
हवा भरताना गाडी हळूच वर आली,
बसकण मारलेली म्हैस उठते तशी.
“हवा तं भरी दिधी,” उखा म्हणाला,
“पन तुन्हा पायनं काय करशी?”

पायाचं मला माहीत होतं.
माहीत असणं वेगळं.
त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.
ज्वारीच्या कडब्याचा ट्रॅक्टर,
त्याला गाठायला दाबलं,
लगेच गतिरोधक, लगेच ब्रेक.
एसटी, दाबलं. शेळ्या, ब्रेक.
आत्ताच विकत घेतलेला वेग
मी जागोजागी रस्त्यावर टाकून देत होतो.
रेल्वे फाटक बंद.
पाच मिनिटांत तो ट्रॅक्टर शेजारी येऊन थांबला.
ड्रायव्हर शेंगा फोडत होता.
मला दोन दिल्या.

मग ठरवलं, पाय ठिबकसारखा.
एकदम पाट सोडायचा नाही.
फाटक लांबून दिसलं की आधीच पाय काढायचा,
गाडी आपली आपण चालत जाते,
बरीच लांब जाते,
एवढी जाते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
किंवा सांगितलं असेल, बांधावर,
मी मान डोलावली असेल.

जमतं असं नाही.
शिरपूरच्या मीटिंगला उशीर झाला की
तो जुना पाय परत येतो.
वहीत अठरा पॉइंट एक आहे,
मग सोळा, मग पुन्हा अठरा.
रविवारी कोकिळा माहेरी घेऊन गेली,
तिचा आकडा मी इथे लिहीत नाही.

काल चोपड्याला टाकी भरायला थांबलो.
पोराने ओळखलं.
न विचारता आत गेला, माप घेऊन आला.
नको रे, म्हणालो, राहू दे.
त्याने ऐकलं नाही.
खुणेपर्यंत भरलं,
माझ्या डोळ्यांसमोर धरलं,
आणि मला वाकून बघावंच लागलं.